आकड्यांची सनद

हदीसशास्त्राशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना ‘सनद’ ही कल्पना नवी नाही. एखादे वचन पैगंबर मुहम्मद (स.) यांचे म्हणून कोणी सांगू लागला की त्याला पहिला प्रश्न विचारला जाई : हे तुम्ही कोणाकडून ऐकले? आणि ज्याच्याकडून ऐकले त्याने ते कोणाकडून ऐकले? ही साखळी मुळापर्यंत पोहोचल्याशिवाय वचनाचा मजकूर कितीही सुंदर असला तरी मुहद्दिस तो ग्राह्य धरीत नसत. मराठीनेही हा शब्द आपलासा केला आहे. वकिलाची सनद, वतनाची सनद, सनदी अधिकारी. अधिकार कोठून आला ते दाखवणारा आधार म्हणजे सनद. आधार नसेल तर वतन नाही आणि वकिलीही नाही.

हा शब्द आज आठवण्याचे कारण म्हणजे गुलामांच्या व्यापाराचा इतिहास. आफ्रिकेतून किती माणसे पळवून नेली, किती समुद्रात मेली, कोणत्या धर्माच्या लोकांनी किती विकली, याचे आकडे लेखांत आणि भाषणांत सर्रास फेकले जातात. कोणी एक कोटी म्हणतो, कोणी दहा कोटी. आकडा कोठून घेतला असे विचारले की सांगणारा दुखावतो. एवढ्या भीषण अन्यायाबद्दल बोलत असताना तळटीप कसली मागता, असा त्याचा सूर असतो. हा सूर समजण्यासारखा आहे. परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येत नाही. ज्या दुःखाविषयी कसलीही शंका नाही, त्याच्या आकड्याची सनद मागणे हा निर्दयपणा आहे की न्याय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकन इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९६९ साली अटलांटिक महासागरातील गुलामांच्या व्यापाराची गणना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत आणि विद्वानांच्या ग्रंथांत दीड कोटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक गुलाम अमेरिका खंडात उतरले असे लिहिले जाई. कर्टिन यांनी प्रथम काही नवे शोधले नाही. ते फक्त त्या आकड्याच्या मागे मागे चालत गेले. बरीचशी पुस्तके रॉबर्ट कुझिन्स्की या लोकसंख्याशास्त्रज्ञाच्या १९३६ सालच्या ग्रंथाकडे बोट दाखवीत होती. कुझिन्स्की यांनी आधार घेतला होता डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा. डु बॉइस म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले थोर विद्वान. आणि डु बॉइस यांनी नाव घेतले होते एडवर्ड डनबार याचे.

हा डनबार कोण? तो इतिहासकार नव्हता. १८६१ साली मेक्सिकोतील उदारमतवादी पक्षाला अमेरिकेची सहानुभूती मिळावी म्हणून तो एक नियतकालिक चालवीत होता, आणि त्यातील एका लेखात त्याने प्रत्येक शतकासाठी एकेक अंदाज मांडला होता. त्याची बेरीज होत होती १ कोटी ३८ लाख ८७ हजार ५००. वाटेत या आकड्याचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. डनबारने एकोणिसाव्या शतकासाठी साडेबत्तीस लाख धरले होते. डु बॉइस यांच्या लेखनात डनबारच्याच नावाने ते ‘चाळीस लाखांहून अधिक’ झाले आणि एकूण आकडा ‘कदाचित दीड कोटी’ झाला. पुढे अनेकांच्या हातून ‘कदाचित’ हा शब्द गळून पडला आणि ‘दीड कोटी’ तेवढे उरले.

हदीसच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. ज्या वचनाला प्रत्येक पिढीत अनेक स्वतंत्र रावी असतात ते ‘मुतवातिर’. इतकी माणसे संगनमताने खोटे बोलतील असे संभवत नाही, म्हणून त्याचे प्रामाण्य मोठे. उलट ज्याची साखळी कोठेतरी एकाच माणसावर येऊन थांबते ते ‘आहाद’, आणि त्या एका माणसाची कसून चौकशी होते. दीड कोटींचा आकडा दिसायला मुतवातिर होता. शंभर पुस्तकांत तो छापलेला होता. परंतु त्या शंभर वाटा मागे जाऊन एकाच दारात पोहोचत होत्या, आणि त्या दारात एक प्रचारक अंदाज करीत बसला होता. पुन्हा पुन्हा सांगितले गेल्याने एखादी गोष्ट सिद्ध होत नाही, ती फक्त परिचित होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यात कोणी लबाडी केली असे आम्हाला म्हणायचे नाही. डु बॉइस यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण आपल्या परंपरेने या बाबतीत एक कठोर धडा घालून दिला आहे. माणूस नेक आहे एवढ्यावरून त्याचे कथन घ्यायचे नाही, हे सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत फार सविस्तर आले आहे. नेकी वेगळी आणि काटेकोरपणा वेगळा. लोकांचे मन कुरआनाकडे वळावे या सद्हेतूने काहींनी सूरह-पठणाच्या पुण्याविषयी हदीस रचल्या. त्यांचा हेतू चांगला होता हे मान्य करूनही मुहद्दिसांनी त्या फेटाळल्या. सत्याच्या मदतीला असत्य बोलावले की सत्याचीच पत जाते, हे त्यांना कळत होते.

कर्टिन यांनी मग उपलब्ध कागदपत्रांवरून आणि इतरांच्या छापील अभ्यासांवरून नव्याने मांडणी केली. अमेरिका खंडात, अटलांटिकमधील बेटांवर आणि युरोपात मिळून उतरलेल्या गुलामांचा त्यांचा अंदाज ९५ लाख ६६ हजार इतका आला, आणि तोही बराच कमीजास्त असू शकेल असे त्यांनीच सांगून ठेवले. पुष्कळांना हा आकडा लागला. पन्नास लाख माणसे एका पुस्तकाने पुसून टाकली, असे वाटणे स्वाभाविक होते. १९७६ साली नायजेरियन इतिहासकार जोसेफ इनिकोरी यांनी हा अंदाज फार कमी असल्याचा आक्षेप घेतला आणि आपला वेगळा, बराच मोठा आकडा मांडला. मोठा वाद झाला. पण तो वाद आता पुराव्यांवर होत होता. कोणत्या बंदराच्या वह्या पाहिल्या, कोणत्या सुटल्या, चोरटा व्यापार किती धरला, असे प्रश्न विचारले जाऊ लागले.

त्या वादातून जे निघाले ते अधिक महत्त्वाचे आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी एकेक गलबत शोधायला सुरुवात केली. लिव्हरपूल, नांत, लिस्बन, रिओ, हवाना येथील जकातीची बुके, विम्याचे कागद, कप्तानांच्या रोजनिशा, वृत्तपत्रांतील बातम्या धुंडाळल्या गेल्या. डेव्हिड एल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली सत्तावीस हजारांहून अधिक सफरींची यादी प्रसिद्ध केली. आज ही यादी छत्तीस हजारांच्या घरात गेली असून ती सर्वांना खुली आहे. तिच्या आधारे केलेला अंदाज असा की सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतांत कोंबली गेली आणि त्यांतील सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. म्हणजे सनद मागितल्याने आकडा आधी खाली आला आणि पुढच्या शोधाने पुन्हा वर गेला. सनद मागणारा दुःख लहान करतो हा समज त्यामुळे टिकत नाही. शिवाय दोन आकड्यांमधला जो फरक आहे, ती जवळजवळ अठरा लाख माणसे पाण्यात गेली. उतरलेल्यांच्या जुन्या गोळाबेरीज आकड्यात ती नव्हतीच. काटेकोर मोजणीनेच ती दिसू लागली.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कागद कोणी लिहिले? ज्यांनी माणसे विकली त्यांनी. ज्यांना विकले त्यांच्या हाती लेखणी नव्हती. मग कागदाचा पुरावा मागणे म्हणजे चोराच्या वहीवरून चोरी ठरवणे नव्हे काय?

१७८१ साली ‘झाँग’ या इंग्रजी गलबतावर जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाणी कमी पडले असे सांगून खलाशांनी एकशे तीसहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली. ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती कोणाला पाझर फुटला म्हणून नव्हे. गलबताच्या मालकांनी दर माणसामागे तीस पौंड विम्याची भरपाई मागितली, विमेकऱ्यांनी ती नाकारली आणि १७८३ साली लंडनच्या न्यायालयात दावा उभा राहिला, म्हणून. गलबताची रोजनिशी न्यायालयासमोर आलीच नाही. मृतांची नावे कोठेच नाहीत. खुनाचा खटला झालाच नाही. झाला तो मालाच्या नुकसानीचा.

हा कागद चोराचाच आहे. पण आपल्या फिक्हमध्ये ‘इकरार’ नावाची गोष्ट आहे. माणसाने स्वतःविरुद्ध दिलेली कबुली. फिर्यादीच्या शंभर आरोपांपेक्षा तिचे वजन अधिक. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वह्यांत जे लिहिले ते नफ्यातोट्यासाठी लिहिले. पण आज वाचणाऱ्याला तो इकरार आहे. आपण फुगवलेला आकडा सांगितला की समोरच्याला तो खोडण्याची संधी मिळते. त्यांच्याच वहीतला आकडा सांगितला की त्यांच्या वारसांना बोलायला जागा राहत नाही. अट एवढीच की वही कोणी, कशासाठी लिहिली हे विसरायचे नाही आणि वही जिथे गप्प आहे तिथे काही घडलेच नाही असे मानायचे नाही. रावीचे चारित्र्य तपासणे म्हणजे त्याला हाकलून देणे नव्हे. त्याचे कथन कुठवर घ्यायचे ते ठरवणे होय.

इथवर बोलणे सोपे होते, कारण आरोपी परका होता. आता आपल्या घराकडे वळू.

१९७९ साली राल्फ ऑस्टिन या अभ्यासकाने सहारा ओलांडून उत्तरेकडे नेलेल्या गुलामांची गणना प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच त्यांनी ‘तात्पुरती’ असा शब्द घातला होता. अकराशे-बाराशे वर्षांचा काळ, आणि पुरावा म्हणून विखुरलेले प्रवासी, वकील, व्यापारी यांचे उल्लेख. दोन नोंदींमधली दशके अंदाजाने भरावी लागत होती. पुढे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांचे अंदाज त्यात मिळवून मुस्लीम जगताच्या गुलाम-व्यापाराचा एक कोटी सत्तर लाख हा आकडा रूढ झाला. ‘तात्पुरती’ हा शब्द ‘कदाचित’च्याच वाटेने गेला. आज अनेक ठिकाणी हा आकडा अटलांटिकच्या आकड्यासमोर ठेवून विचारले जाते : सांगा, अधिक पापी कोण?

या ठिकाणी आपल्यातील सुशिक्षितांना एकाएकी सनद आठवते. आकडा अंदाजी आहे, पुरावा तुटपुंजा आहे, लेखक पाश्चात्त्य आहे. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण आम्हाला खटकते ते हे की अटलांटिकचे दहा कोटी सांगणाऱ्याला आपण असे कधी विचारले नव्हते. जी बातमी आपल्याला आवडते ती बिनसनदीची चालते आणि जी बोचते तिची साखळी मात्र तपासली जाते. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी तपासून घेण्याचा आदेश आहे. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध जात असली तरी द्यावी असे बजावले आहे. हे दोन्ही आदेश एकत्र वाचायचे आहेत. पहिला पाळायचा आणि दुसरा सोडायचा, अशी सवलत कोणाला दिलेली नाही.

आकडा अनिश्चित आहे म्हणजे घटना अनिश्चित आहे असे होत नाही. झांझिबारचा गुलामांचा बाजार होता. ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतान बर्गशने तो १८७३ साली बंद केला. नवव्या शतकात दक्षिण इराकच्या खारवट जमिनीवर राबणाऱ्या ‘झंज’ गुलामांनी ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे बंड चालवले. त्याची सर्वांत सविस्तर हकिकत तबरीने लिहिली आहे आणि तो बंडाच्या पुढाऱ्याला शिव्याशाप देत लिहितो. सौदी अरेबियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९६२ साली, मॉरिटानियात १९८१ साली. हे सर्व आकड्याच्या वादापलीकडचे आहे. तेव्हा प्रामाणिक विधान असे होईल : हा व्यापार फार मोठा होता, फार काळ चालला आणि त्याची नीट मोजणी होऊ शकेल इतका कागद मागे राहिलेला नाही. ‘मोजला गेला नाही’ याचा अर्थ ‘थोडा होता’ असा लावणे हीदेखील बिनसनदीची गोष्ट आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते की आमच्याकडची गुलामगिरी सौम्य होती. आणि मग हजरत बिलाल (र.) आणि आपल्या दख्खनमधला मलिक अंबर यांची नावे घेतली जातात. अंबरचा अभिमान आम्हालाही आहे. इथिओपियातला चापू नावाचा मुलगा हातोहात विकला जात अहमदनगरला येतो, निजामशाहीचा आधार बनतो, खडकी शहर वसवतो, जहांगीरच्या फौजांना जेरीस आणतो आणि १६२६ साली स्वतंत्र बाण्याने मरतो. परंतु ही साक्ष कोणाबद्दल आहे? अंबरबद्दल. त्याच्याबरोबर त्याच गलबतातून उतरलेल्या, पण कोणाच्या वाड्यात पाणी भरत मेलेल्या मुलाबद्दल ती काहीच सांगत नाही. जो वर चढला त्याची हकिकत लिहिली गेली, म्हणून चढणे हाच नियम होता असे दिसते. बिलाल (र.) यांचा सन्मान हा त्यांना मुक्त करण्याचा आणि त्यांच्या ईमानाचा सन्मान आहे, त्यांना विकणाऱ्या बाजाराचा नव्हे. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्यांवर पांघरूण घालणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच आपल्यालाही लागू आहे.

आणि असे नव्हे की आपल्या परंपरेत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा यांना मोरोक्कोच्या सैन्याने पकडून बेड्या घालून मराकेशला नेले होते. सुटून परतल्यानंतर, १६१५ च्या सुमारास, त्यांना विचारण्यात आले की सुदानच्या मुलखातून येणारे गुलाम विकत घेणे वैध आहे काय. त्यांनी सांगितले की काळा रंग हे गुलामीचे कारण नाही, आणि जो मुलूख मुस्लीम म्हणून माहीत आहे तेथला माणूस स्वतःला मुस्लीम म्हणवत असेल तर त्याचा शब्द मानावा. त्यांनी मुसलमानेतरांच्या गुलामीला वैध मानले होते, हे लपवण्याचे कारण नाही. ती त्यांची मर्यादा होती. पण एक गोष्ट त्यांना दिसली होती. समोर उभा असलेला माणूस कोठून आला, कसा पकडला गेला, ही चौकशी केल्याशिवाय झालेला सौदा हा बिनसनदीचा सौदा आहे. स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, अशी हदीस बुखारीत आहे. ती ठाऊक असूनही बाजारात चौकशी होत नसे. खरेदीदाराला साखळी मागे न्यायची नव्हती. मागे गेली असती तर ती एखाद्या जळालेल्या गावात, एखाद्या रडणाऱ्या आईपाशी पोहोचली असती.

आम्हाला वाटते, सनद मागण्याचे नैतिक मोल येथे आहे. साखळी मुळापर्यंत नेली की शेवटी ती प्रत्यक्ष तिथे असलेल्या माणसापाशी जाते. आकड्यापाशी थांबणाऱ्याला तो माणूस भेटत नाही. एका जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या, असे मानणाऱ्या समाजाला गुन्हा मोठा ठरवण्यासाठी आकडा फुगवण्याची गरज नाही आणि गुन्हा लहान ठरवण्यासाठी तो कमी करण्याचा अधिकारही नाही.

कधी कधी त्या माणसाचे स्वतःचे शब्दही सापडतात. सेनेगलच्या फुता तोरो भागातले उमर इब्न सईद हे पंचवीस वर्षे विद्येत घालवलेले गृहस्थ पकडले गेले आणि १८०७ साली अमेरिकेत चार्ल्सटन बंदरात विकले गेले. १८३१ साली त्यांनी अरबीत आपले छोटेसे आत्मचरित्र लिहिले. ते अनुवादांतून थोड्याफार लोकांना माहीत होते, पण मूळ हस्तलिखित अनेक वर्षे बेपत्ता होते. १९९५ साली ते व्हर्जिनियात एका जुन्या पेटीत सापडले. २०१७ साली अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने ते विकत घेतले आणि २०१९ साली सर्वांसाठी खुले केले. उमर यांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्यांच्या मालकाविषयी त्यात चांगले शब्द आहेत. पण मूळ अरबी पाहणाऱ्याच्या लक्षात येते की आपली हकिकत सांगण्यापूर्वी त्यांनी सूरह मुल्क लिहिली आहे. ज्याच्या हाती सर्व सत्ता, सर्व स्वामित्व आहे त्याच्या स्तुतीने सुरू होणारी सूरह. ‘मुल्क’ या शब्दाच्या धातूपासूनच आपल्या मराठीतले ‘मालक’ आणि ‘मिळकत’ हे शब्द आले आहेत. जो माणूस कागदोपत्री दुसऱ्याची मिळकत होता, त्याने खरा मालक कोण ते पहिल्याच पानावर लिहून ठेवले. त्याला न कळणाऱ्या भाषेत वाचणाऱ्या मालकाला हे दिसणे शक्य नव्हते. ते आपल्याला दिसते, कारण कोणीतरी अनुवादावर न थांबता मूळ कागद शोधत राहिले.

आपण मुस्लीम मराठी लेखक इतिहासाविषयी बरेच लिहितो आणि पुष्कळदा बचावाच्या पवित्र्यात लिहितो. आजूबाजूची परिस्थिती पाहता ते समजण्यासारखे आहे. इतिहासाचे खोटे आकडे आपल्या अंगावर किती वेळा फेकले जातात हे आपल्याला ठाऊक आहे. पण म्हणूनच आपल्याकडे एक शिस्त असायला हवी. जो आकडा आपल्या बाजूचा आहे त्याची सनद आधी तपासावी आणि विरोधी आकड्याची त्यानंतर. ‘कदाचित’ जिथे लिहिले असेल तिथे ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवावे. मुहद्दिसांनी एकेका वचनासाठी महिनोन्‌महिने उंटावरून प्रवास केला. आपल्याला एक तळटीप उघडून पाहायची आहे, एवढेच.